आधी खर्च, मग पैसे

आज दिवसभर डोक्यात इंटररेग डॅन्यूबचा, म्हणजे डॅन्यूब नदीच्या प्रदेशातल्या देशांच्या एकत्र प्रकल्पांना पैसे देणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्यक्रमाचा, २०२१-२७चा आराखडा. १४ देश, ९ युरोपीय संघातले, सर्बिया-मोल्दोवा-युक्रेनसारखे ५ बाहेरचे. विषय ठरतात एकदाचे, खरी गोम पैशाच्या प्रवाहात आहे. अनुदान ८० टक्क्यांपर्यंत, तेही खर्च झाल्यावर. प्रकल्पातली प्रत्येक संस्था, म्हणजे भागीदार, आधी पदरचे पैसे घालतो, त्याच्या देशातला तपासनीस बिलं आणि निविदा पाहतो, मग प्रमुख भागीदार सगळ्यांचा एकत्र दावा बुडापेस्टच्या सचिवालयाकडे पाठवतो. एका देशाची तपासणी रखडली की तिथल्या छोट्या संस्थेचे पैसे अडकलेच. शिवाय एखाद्या वर्षाच्या तरतुदीचा दावा त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत गेला नाही, तर ती रक्कम कार्यक्रमाच्या हातून जाते. लहान संस्थांना आगाऊ रक्कम कोण देणार, हे प्रत्येक देशाने आराखड्याच्या टप्प्यावरच लेखी द्यायला हवं.