एकच्या जागी अधिक-उणे

भामरागडकडच्या एका नदीकाठच्या केंद्रावरून पाण्याची पातळी सॅटेलाइट मॉडेमने नागपूरला येते. तक्रार अशी की पाऊस लागला की आकड्यांत कचरा येतो. कारण तयारच होतं: केयू बँड, म्हणजे पावसात क्षीण होणाऱ्या उपग्रह-लहरी, तेव्हा सिग्नल पडणारच. त्या भागात पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की भामरागड तुटतं, म्हणजे आकडे हवेत ते नेमके पावसातच.

आलापल्लीहून पोचलो तेव्हा झड लागलेलीच होती. चौकीदारदादा म्हणाले, "साहेब, पाणी चढून रायलं, अन् तुमची मशीन चिन्हं काढून रायली." स्वतः मात्र ते पट्टी वाचून वहीत लिहीत होते.

मॉडेमचा लॉक, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरची पकड, पक्का होता, एरर काउंटर शून्य. त्याच्या सिरियल पोर्टवरून लॉगरची, म्हणजे पातळी नोंदवणाऱ्या यंत्राची, केबल काढली, पाठवायची आणि घ्यायची अशा दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेनं जोडल्या, म्हणजे आलेलं तसंच परत जाईल, आणि लिंकवरच्या फोनवरून नागपूरच्या मित्राला म्हटलं, "शून्यापासून नऊपर्यंत टाइप कर." अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त थांबून एकेक आकडा त्याच्याकडे परतला, अगदी स्वच्छ. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह जाता-येता दोनदा ओलांडायचा, तेवढा वेळ लागणारच. पण आभाळ निर्दोष ठरलं.

केबल परत लावली. मित्र वाचू लागला: ६.३५ बरोबर, ६.३९ बरोबर. मग ६.४१ च्या जागी सहा, टिंब, एक तिरकी मात्रा आणि अधिक-उणेचं चिन्ह. जुन्या नोंदीही तशाच. ०, ३, ५, ६, ९ कधीच बिघडलेले नव्हते. १, २, ४, ७, ८ प्रत्येक वेळी बिघडलेले. दोनच्या जागी तर डोक्यावर चढलेला बारीक दोन! पाऊस असे आकडे निवडून खात नाही.

मॉडेम एट-एन-वनवर होता: आठ डेटा बिट, पॅरिटी (एक्यांची संख्या सम किंवा विषम ठेवणारा तपासणीचा बिट) नाही, शेवटी एक स्टॉप बिट. लॉगर सेव्हन-ई-वनवर: सात डेटा बिट, सम पॅरिटी आणि एक स्टॉप बिट. सुरुवातीचा स्टार्ट बिट धरून दोन्हीकडे दहाच बिट, त्यामुळे फ्रेम, म्हणजे एका अक्षराची चौकट, जुळते आणि कुठलाही एरर दिसत नाही. फक्त पॅरिटीचा बिट मॉडेमला आठवा डेटा बिट वाटतो. तीन या आकड्याच्या बिटांच्या कोडमध्ये चार एके, म्हणून पॅरिटी शून्य आणि आकडा शाबूत. एकच्या कोडमध्ये तीन एके, म्हणून पॅरिटी एक आणि अक्षरच बदललं. नदी स्थिर असली की तोच चांगला आकडा तासन्‌तास यायचा. पुरात पातळी हलली की सगळे आकडे फिरायचे. पावसावर आळ आला तो असा.

लॉगरचा पासवर्ड पुरवठादाराकडे, म्हणून मॉडेमचा पोर्टच सेव्हन-ई-वन केला. बॉड रेट, म्हणजे बिटांचा वेग, ९६०० तसाच. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे 'थांब-चालू' सांगायची सोय, बंदच राहू दिला; त्याला जादा तारा लागतात आणि केबल तीनच तारांची होती. पुढचा आकडा आला ६.४८. दादांनी वही पुढे केली, तिथेही तेच.

नागपूरला कच्च्या फायली कुणी पुसल्या नव्हत्या, हे नशीब. प्रत्येक अक्षराचा आठवा बिट शून्य केला की अधिक-उणेचा परत एक होतो. मित्रानं तेवढंच करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि त्या पावसाळ्याची सगळी पातळी संध्याकाळपर्यंत परत मिळाली.