दादाच्या अर्जावरची माझी सही

दादाला मनोविकार रुग्णालयात भरती करण्याच्या अर्जावर मी सही केली, तेव्हा त्या सहीचा अर्थ मला कळला नव्हता. आदल्या रात्री त्याने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला होता, आम्ही सगळे घाबरलो होतो आणि खिडकीतल्या लिपिकाने ‘घरच्यांची संमती’ एवढेच सांगून कागद पुढे सरकवला होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मी भरतीनंतर वाचला. कलम ८९ नुसार असा अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ द्यायला रुग्णाने निवडलेली व्यक्ती, करतो. दादाने आधी कोणाचेही नाव दिले नसल्यामुळे नातेवाईक म्हणून ते काम माझ्याकडे आले होते. नुसत्या अर्जाने मात्र भागत नाही. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी रुग्णाला त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि धोका खरोखर गंभीर असल्याचे दोघांचेही मत पडले तरच भरती होते, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी.

चौथ्या दिवशी भेटलो तेव्हा दादा वॉर्डाच्या ढगळ गणवेशात बसला होता, गळ्याजवळची दोन बटणे तुटलेली. “तू माझा प्रतिनिधी की त्यांचा?” एवढेच त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी मी त्याचे दोन सदरे नेले आणि गणवेशाची सक्ती करता येत नाही, हे कलम २० दाखवून सांगितले. परिचारिका कुरकुरल्या, पण त्यांनी सदरे घेतले. (माझ्या साऱ्या वाचनातून त्याला प्रत्यक्ष मिळालेली ही पहिली वस्तू.)

भरतीची माहिती रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, ७ दिवसांत कळवायची असते, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर ३ दिवसांत; शिवाय रुग्ण स्वतःही मंडळाकडे दाद मागू शकतो. दादाने तसा अर्ज लिहायला घेतला. संमती देण्याची त्याची क्षमता दर ७ दिवसांनी तपासून नोंदवली जाते का, हे मी विचारत राहिलो. चौदाव्या दिवशीच्या तपासणीत तो स्वतः निर्णय घेऊ शकतो असे ठरले, तेव्हा त्याचा अर्ज अर्धाच लिहून झाला होता. पुढचे पाच दिवस तो स्वेच्छेने राहिला. या वेळी कागदावर सही त्याची होती.

घरी आल्यावर त्याने साध्या कागदावर नवा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमला. नाव त्याच्या मित्राचे होते.