कोर्टावर आवाज फुटेपर्यंत

अमेरिकेतल्या कॉलेजात आलेला पहिल्या वर्षाचा बास्केटबॉल खेळाडू, इथला फ्रेशमन, तयार होतोय की नाही हे स्कोअरबोर्डवर फार उशिरा दिसतं. त्याआधी ते ऐकू येतं. डिफेन्स करताना तो बोलतोय का? मागून स्क्रीन येतेय, म्हणजे वाट अडवायला समोरचा खेळाडू उभा राहतोय, हे सोबत्याला ओरडून सांगतोय का? जो मुलगा अजून डोक्यात हिशेब करतोय तो गप्प असतो, आणि पहिले काही महिने ही सगळीच मुलं गप्प असतात. गेला अख्खा हंगाम मी त्यांना आवाज फुटायची वाट पाहण्यात घालवला. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी इंडियाना राज्यात राहतो. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी आणि संध्याकाळी जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या मुलांच्या संघाचा सहाय्यक कोच. गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे आणि लांबून शॉट मारणारे खेळाडू, माझ्याकडे असतात. कॉलेज डिव्हिजन तीनमधलं, म्हणजे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती नाही. मुलं फी भरून शिकतात आणि खेळल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून खेळतात. आधीच्या वर्षी आमचे बहुतेक अनुभवी खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर सराव सुरू झाला तेव्हा निम्मा भार चार महिन्यांपूर्वी शाळेत असलेल्या पोरांवर होता.

ही पोरं कच्ची नसतात, हे आधी सांगायला हवं. प्रत्येक जण आपापल्या गावातल्या शाळेचा हिरो असतो. इंडियानात शाळेचा बास्केटबॉल म्हणजे सगळ्या गावाचा जीव की प्राण. शुक्रवारी रात्री गावाच्या लोकसंख्येच्या मानाने अवाढव्य वाटतील अशी जिम भरतात. तिथून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कळतं की इथे त्याच्याएवढा वेगवान प्रत्येक जण आहे, आणि दणकटपणात तर सगळेच त्याच्या पुढे आहेत.

शिवाय खेळच बदललेला असतो. शाळेचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, एकूण 32 मिनिटांचा. कॉलेजात वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, म्हणजे 40. अनेक राज्यांत शाळेच्या सामन्याला शॉट क्लॉकच नसतं, कॉलेजात 30 सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. शाळेत तीन गुणांची रेषा 19 फूट 9 इंचांवर, कॉलेजात 22 फूट पावणेदोन इंचांवर. बाहेरून बघणाऱ्याला हे सव्वादोन-अडीच फूट काहीच वाटत नाहीत. पण आमच्या एका शूटरचे शॉट पहिल्या हाफमध्ये व्यवस्थित पडायचे आणि दुसऱ्या हाफमध्ये रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचे. हात तोच, नेम तोच, फक्त पाय दमलेले. लांबचा शॉट पायांतून येतो. त्याला शूटिंगचे धडे देण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्याला स्क्वॉट्सला लावलं, आणि प्रत्येक सरावाच्या शेवटी, धावून धावून धाप लागल्यावर, शॉट मारायला लावले. सुरुवातीला तो चिडायचा. जानेवारीच्या मध्यापर्यंत आकड्यांत काहीही फरक पडला नाही. मग पडायला लागला.

माझा जास्तीत जास्त वेळ गेला तो आमच्या नव्या पॉइंट गार्डवर, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्यावर. शाळेत हा मुलगा स्क्रीनचा वापर करून थेट बास्केटपर्यंत घुसायचा, कारण त्याला अडवायला कोणी नसायचंच. इथे पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सोबती स्क्रीन लावून मग बास्केटकडे वळतो त्या चालीत, स्क्रीनला वळसा घालून पुढे आला की समोरचा उंच खेळाडू दोन पावलं बाहेर येऊन उभा असायचा. याची मान खाली, नजर चेंडूवर. मान वर करेपर्यंत दोघांच्या सापळ्यात सापडलेला. तिथून घाबरून उडी मारायची आणि हवेत असताना पास कोणाला द्यायचा ते शोधायचं. असा पास दहातल्या आठ वेळा समोरच्याच्या हातात जातो.

सामन्यानंतर आम्ही दोघं लॅपटॉपवर व्हिडिओ बघायचो. मी एकच प्रश्न ठरवला होता. स्क्रीनच्या अर्ध्या पावलाआधी क्लिप थांबवायची आणि विचारायचं, "आत्ता तुला कोण दिसतंय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो लॅपटॉपकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कोच, मला फक्त माझा माणूस दिसतोय." बाकी आठ जण त्याच्या लेखी कोर्टावर नव्हतेच. मी त्याला त्या आठवड्यासाठी एवढंच काम दिलं की स्क्रीन वापरण्याआधी समोरच्या उंच खेळाडूचे पाय बघायचे. पाय बाहेरच्या दिशेने वळलेले असतील तर तो अंगावर येणार. टाचा मागे असतील तर तो खाली थांबणार आणि मधल्या जागेतला शॉट मोकळा मिळणार. पास, वेग, गुण, काहीही बोलायचं नाही. फक्त पाय. पुढच्या आठवड्यात विरुद्ध कोपऱ्यातून मदतीला येणारा डिफेंडर. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी गोष्ट. एका वेळी एकच.

हे लिहायला सोपं आहे. सामना हातातून निसटत असताना बेंचवर बसून हे पाळणं फार अवघड आहे. आमच्या मुख्य कोचनी हंगामाच्या सुरुवातीलाच आम्हा सगळ्यांना बजावलं होतं की चुकीच्या निर्णयासाठी फ्रेशमनला लगेच बाहेर काढायचं नाही. आळस केला, परत धावला नाही, तर बाहेर. पण विचार करून चुकला, तर पुढच्या दोन-तीन पझेशन, म्हणजे चेंडू आपल्याकडे येण्याच्या खेपा, तरी कोर्टावरच ठेवायचा. चूक झाली की बेंचवर, हे एकदा मुलाच्या मनात बसलं की तो चेंडू हातात आल्यावर रिंगकडे बघायच्या आधी बेंचकडे बघतो. असे खेळाडू मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतले बरेचसे पुढेही तसेच राहिले.

पुण्यात कॉलेजात असताना मी स्वतः खेळायचो. तिथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. काही दिवसांचा सराव, एक सामना हरलात की वर्ष संपलं. एफवायच्या मुलाला उतरवायची जोखीम कोण घेणार? सीनियर मुलं दमली किंवा कोणाचं जर्नल सबमिशन निघालं, की आमची वर्णी लागायची. त्यात आमच्या सरांचा दोष नव्हता, स्पर्धेचा साचाच धीर धरू देणारा नव्हता. इथे हंगामात 25 सामने असतात. शिवाय बऱ्याच छोट्या कॉलेजांचा जेव्ही, म्हणजे दुय्यम संघही असतो आणि त्याचे सामने वेगळे होतात. मुख्य संघात पाच मिनिटं मिळणारा पोरगा तिथे तीस मिनिटं खेळून मनसोक्त चुकू शकतो. आपल्याकडच्या कॉलेजांनी अमेरिकेतून काही उचलायचं असेल तर हे जेव्ही सामने उचलावेत असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसा लागत नाही, कोर्ट आणि एक शिट्टी पुरते.

एके काळी अमेरिकेत हे सक्तीचंच होतं. 1972-73च्या हंगामाआधी मोठ्या कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघातून खेळायला बहुतेक वेळा परवानगीच नव्हती, त्यांचा संघ वेगळा असायचा. 1965 साली यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या फ्रेशमन संघाने त्यांच्याच मुख्य संघाला 75-60 असं हरवलं होतं. मुख्य संघ तेव्हा सलग दोनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला, आणि फ्रेशमन संघात ल्यू अल्सिंडर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. असे अपवाद असतात. 1992 साली मिशिगन विद्यापीठ पाच फ्रेशमन घेऊन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलं होतं. पालक नेमके हेच अपवाद लक्षात ठेवतात.

डिसेंबरमध्ये लागोपाठ काही सामने हरलो तेव्हा आमच्या गार्डच्या वडिलांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुम्ही त्याला मोकळं का सोडत नाही? शाळेत तो एकहाती सामने जिंकून द्यायचा." मी त्यांना फोनवर दोन क्लिप दाखवल्या, एक नोव्हेंबरची आणि एक आदल्या सामन्याची. दोन्हींत शेवट चुकाच होता, दोन्हींत चेंडू गेला होता. पण दुसऱ्या क्लिपमध्ये त्याची मान वर होती, त्याने कोपऱ्यातला मोकळा सोबती हेरला होता, फक्त पास जरा उशिरा सुटला. "ही चूक मला हवी आहे," मी म्हणालो, "कारण ही पुढच्या पायरीवरची चूक आहे." त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पण त्यानंतर ते सामन्याला यायचे तेव्हा गुणांबद्दल बोलायचे नाहीत.

त्या दिवसांत मी स्वतः धीर धरून राहिलो तो इथल्या परड्यू विद्यापीठाच्या संघामुळे. इंडियानात राहून परड्यूकडे लक्ष नसणं शक्यच नाही, आणि तिथे मराठी मुलंही इतकी शिकतात की प्रत्येकाच्या ओळखीत एखादं असतंच. 2022-23 मध्ये त्यांचे ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोघे गार्ड फ्रेशमन होते, दोघेही पहिल्यापासून स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या पाचांत. हंगामात 29 विजय, बिग टेन या मोठ्या कॉलेजांच्या गटाचं विजेतेपद, आणि मग मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत फेअरली डिकिन्सन विद्यापीठाकडून 63-58 असा पराभव. पहिलं मानांकन असलेला संघ सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती फक्त दुसरी वेळ. सगळीकडून एकच ओरड झाली, या गार्डना घेऊन मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा जिंकता येणार नाही.

मॅट पेंटर तिथे 2005 पासून मुख्य कोच आहेत. त्यांनी तेच दोघे गार्ड पुन्हा उतरवले. पुढच्या वर्षी परड्यूने 34 सामने जिंकले, 1980 नंतर प्रथमच फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, गाठली आणि अंतिम सामना कनेटिकटकडून 75-60 असा हरले. 2025 मध्ये स्मिथ बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परड्यूच्याच झॅक ईडीचंही तेच. टोरोंटोचा हा सात फूट चार इंचांचा मुलगा लहानपणी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळायचा, बास्केटबॉलकडे वळलाच उशिरा. पहिल्या वर्षी त्याची सरासरी नऊ गुणांच्याही आत होती. पुढे तो लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. आता खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झालंय, त्यामुळे मोठ्या कॉलेजांना तयार खेळाडू आयते मिळतात. अशा काळात फ्रेशमनवर चार वर्षं मेहनत घेणारा कोच मला फार मोठा वाटतो.

जानेवारीत आमच्या मुलांचे पाय जड झाले. याला इथे फ्रेशमन वॉल म्हणतात. ऑक्टोबरपासून रोजचा सराव, बसचे लांब प्रवास, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा, घरापासून दूर. सहा फूट आठ इंचांचा, बास्केटजवळ खेळणारा आमचा सेंटर सकाळी न जेवता जिममध्ये येतो हे आम्हाला त्याच्या घसरलेल्या वजनावरून कळलं. आम्ही फ्रेशमनचा सराव आखडता घेतला आणि त्याला एका सीनियरसोबत नाश्त्याला जोडून दिलं. खेळातलं काहीही शिकवलं नाही. या महिन्यात शिकवलेलं डोक्यात शिरत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

आणि मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका साध्या मंगळवारच्या सरावात, मला ऐकू आलं. मी कोर्टाकडे पाठ करून ट्रेनरशी बोलत होतो. मागून आवाज आला, "स्क्रीन लेफ्ट, स्क्रीन लेफ्ट, मी आहे, मी आहे!" मला वाटलं आमचा सीनियर कर्णधार असेल. वळून बघितलं तर तो गार्ड. एका हाताने सेंटरला मागे ढकलत होता, दुसऱ्या हाताने बोट दाखवत होता, आणि तोंड क्षणभर बंद नव्हतं. मुख्य कोच माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या सरावात त्याने किती गुण केले ते मला आठवत नाही, कोणी मोजलेही नसतील.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याचे टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावण्याचे प्रसंग, कमी झाले, कारण डिफेन्समध्ये जो बोलतो त्याला कोर्ट दिसू लागलेलं असतं, आणि तेच डोळे ऑफेन्समध्येही उपयोगी पडतात. आमचा हंगाम कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या, स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात संपला. सामना घासून झाला. शेवटच्या दोन मिनिटांत कोर्टावरच्या पाचांत तीन फ्रेशमन होते आणि चेंडू त्या गार्डच्या हातात होता. निर्णायक पझेशनमध्ये त्याने समोरच्या सेंटरचे पाय वाचले, कोपऱ्यात पास दिला, वेळेवर दिला. शूटरचा शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. मागच्या कडेला लागला म्हणजे शेवटच्या मिनिटालाही त्याच्या पायांत जोर होता, हे मी त्याला लॉकर रूममध्येच सांगितलं. तो रडत होता, पण त्याने मान हलवली.

एक मुलगा हंगामानंतर सोडून गेला. त्याला घराजवळच्या कॉलेजात जायचं होतं, त्याच्या आईची तब्येत बरी नव्हती, आणि त्याचा निर्णय मला योग्यच वाटला. बाकीचे आहेत. उन्हाळ्यात डिव्हिजन तीनच्या कोचना सराव घेता येत नाही, म्हणून मे महिन्यात प्रत्येकाला एक कागद दिला. सेंटरच्या कागदावर खाण्याच्या वेळा आणि वजनाचं लक्ष्य, शूटरच्या कागदावर पायांचा व्यायाम. गार्डच्या कागदावर फक्त डाव्या हाताचा पास. तोही आता लवकर सुटायला हवा.