सेंट लुई, कोच

बुधवार, १६ एप्रिल २०२५
मॉन्ट्रियल, रात्री उशिरा

जिंकलो! एनएचएलमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, आमच्या मॉन्ट्रियलने कॅरोलायनाला ४-२ हरवलं. साखळीतल्या अगदी शेवटच्या सामन्यात प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, जागा मिळाली, २०२१ नंतर पहिल्यांदा. खाली रस्त्यावर हॉर्नचा नुसता धुमाकूळ चाललाय. कॅरोलायनाची जागा आधीच पक्की होती, त्यांना जीव तोडून खेळायचं काही कारण नव्हतं. पण आज हे या शहरात मोठ्याने बोलायची सोय नाही.

माझं लक्ष मात्र दोन्ही बेंचांच्या मागे उभ्या असलेल्या कोचांकडेच जास्त होतं. तिकडे रॉड ब्रिंडामोर. २००६ मध्ये कर्णधार म्हणून कॅरोलायनाला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून दिला, निवृत्तीनंतर तिथेच सहायक कोच आणि २०१८ पासून मुख्य. एकेक पायरी चढत आलेला माणूस. आणि आमच्याकडे मार्टिन सेंट लुई. हा पायऱ्या चढलाच नाही.

इथलाच, नदीपलीकडच्या लाव्हालचा मुलगा. उंची पाच फूट आठ इंच, आणि या खेळात तेवढ्यावरूनच लोक निकाल देऊन मोकळे होतात. संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. व्हरमाँट विद्यापीठातून तो खालच्या लीगमध्ये गेला, तिथून कॅलगरीत. तिथे ६९ सामन्यांत ४ गोल. २००० मध्ये दोन नवे संघ लीगमध्ये आले, त्यांना इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू उचलायची मुभा होती. त्यांनीही याला हात लावला नाही. मग कॅलगरीने सोडून दिलं आणि टँपा बेने घेतलं. चारच वर्षांनी स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत (सातपैकी चार सामने आधी जिंकेल त्याचा कप) समोर कोण? कॅलगरी. त्यांना कपासाठी एक विजय हवा होता, सामना त्यांच्या घरचा, आणि दुसऱ्या ओव्हरटाइमच्या तेहतिसाव्या सेकंदाला यानेच गोल मारला. सातवा सामना आणि कप टँपाचा. त्या मोसमात सर्वाधिक गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) याचे आणि सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही याचीच. २०१३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पुन्हा गुणांत पहिला. हा हिशेब चुकता करण्याचा प्रकार मला फार आवडतो, कबूल.

२०१५ मध्ये निवृत्त. १,१३४ सामने, १,०३३ गुण, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम. पुढची बरीच वर्षं त्याने कनेटिकटमध्ये स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवण्यात घालवली. मध्ये कोलंबसच्या संघाला काही काळ सल्ला दिला, तेवढाच मोठ्या लीगशी संबंध. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियल तळाला गेलेलं असताना कोच म्हणून त्याचं नाव आलं, तेव्हा ऑफिसात हशा पिकला होता. शाळकरी पोरांचा कोच एनएचएलमध्ये?

फ्रेंच बोलतो म्हणून घेतलाय, असंही काही जण म्हणाले. त्यातही तथ्य असेल. २०११ मध्ये इथे फ्रेंच न येणारा हंगामी कोच नेमला, तर लोक निदर्शनं करायला उतरले होते. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण आमच्या कोल कॉफील्डचे आकडे बघा. हाही बुटकाच, आणि २०२१-२२ च्या मोसमात आधीच्या कोचच्या हाताखाली ३० सामन्यांत त्याचा एकच गोल. सेंट लुई आल्यावर राहिलेल्या ३७ सामन्यांत २२. पोरगा तोच, मोसम तोच.

वेन ग्रेट्झकीची आठवण येतेच. २,८५७ गुण, त्याच्या आसपासही कुणी नाही. फिनिक्सचा कोच म्हणून चार मोसम काढले, एकदाही प्लेऑफ नाही. संघही कच्चा होता, सगळा दोष त्याचा नव्हे. तरी मला वाटतं, पक (खेळायची रबरी चकती) कुठे जाणार हे ज्याला उपजतच दिसतं, त्याला ते दुसऱ्याला कसं दाखवायचं याचा विचार कधी करावाच लागत नाही. सेंट लुईला अंगापिंडाने काहीच दिलं नव्हतं. आपल्यापेक्षा फूटभर उंच बचावपटूच्या बाजूने कसं निसटायचं, हे त्याला डोक्याने सोडवावं लागलं. डोक्याने सोडवलेलं शब्दांत सांगता येतं. आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना ‘सहजच येतं रे’ म्हणून भागत नाही. ती लगेच ‘म्हणजे कसं?’ विचारतात. ती कनेटिकटची वर्षं लोक रिकामी धरतात. मी नाही धरत.

सगळं गोड नाही. पहिले दोन पूर्ण मोसम आम्ही ३१ आणि ३० सामने जिंकलो, म्हणजे रडतखडत. बचावाची नवी पद्धत आणली तेव्हा गोलपुढे अशी भगदाडं पडायची की मी टीव्हीवर चप्पल फेकायची बाकी ठेवली होती. यंदा ४० विजय. त्यात लेन हटसनसारखा पोरगा मिळाला हे नशीबही आहेच. ६० असिस्ट आणि तेही बचावपटूचे. अंगकाठी? अर्थातच बारीक. हा कोच अशांना मोकळं सोडतो, चुका करू देतो.

आता पुढे वॉशिंग्टन. परवापरवाच ग्रेट्झकीचा गोलांचा विक्रम मोडलेला ओव्हेच्किन समोर. सहा सामन्यांत हरू, असा माझा अंदाज. ऑफिसात मात्र सात सामन्यांत जिंकू म्हणून पैज लावून बसलोय.