हासळी उजवी का डावी

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, घरी निघाले तेव्हा माझ्याकडं दोन पिशव्या होत्या. एकीत धुवायचे कपडे, दुसरीत माणसाची हाडं. येळवस झाली की तिसऱ्या दिवशी रचना शारीरची, म्हणजे आयुर्वेदातल्या ॲनाटॉमीची, इंटर्नल परीक्षा होती आणि वायवा, म्हणजे तोंडी, हाडांवरच. हाफ सेट, म्हणजे एकाच बाजूची हाडं, मी एका सीनियर ताईकडून निम्म्या किमतीत घेतलेला. खरी हाडं, पिवळसर झालेली, आणि त्यांच्यावर आधीच्या कितीतरी बॅचच्या पेन्सिलीच्या खुणा. हॉस्टेलवर ठेवून गेले तर अभ्यास बुडणार होता आणि घरी नेली तर काय ऐकावं लागेल तेही माहीत होतं. नेली.

नांदेड-लातूर गाडीत लोह्यापर्यंत उभीच होते. लोह्याला जागा मिळाली ती एका म्हातारीच्या शेजारी. पिशवी वरच्या रॅकवर टाकायची सोय नव्हती, खड्डा आला की ती वाजते. मांडीवरच घेतली. मांडीचं हाड पिशवीत मावत नाही, ते टॉवेलात गुंडाळून आडवं धरलेलं. माळाकोळी मागं पडल्यावर म्हातारीनं कोपरानं पिशवी सरकवली.

"काय हाय गं माय ह्यात? लई टोचलालंय."

"पुस्तकं."

"कायची शाळा?"

"डॉक्टरकीची. आयुर्वेदाची."

"सुई देता येती का?"

"अजून पाच वर्षं आहेत, आजी."

तिनं जरा विचार केला. "मग माज्या गुडघ्याला काय उपेग," म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून झोपून गेली.

बीएएमएसला ॲडमिशन झाल्यापासून हाच प्रश्न मला निरनिराळ्या कपड्यांत भेटतो. गावात 'सुई देता येती का', लग्नाकार्यात 'एमबीबीएसला किती कमी पडले', आणि माझ्यासोबत लातूरला ट्यूशन एरियात राहिलेल्या मैत्रिणी काहीच विचारत नाहीत, तो सगळ्यात वाईट. मी रिपीटर. नीट दोनदा दिली. तिसऱ्यांदा द्यायची वडिलांची तयारी होती, माझी नव्हती.

तर आमचं पहिलं वर्ष. एक तर ते दीड वर्षाचं असतं, हे आईला अजून पटलेलं नाही. त्यात संस्कृत आहे. आमच्या शाळेत संस्कृत नव्हतंच, त्यामुळं मी 'रामः रामौ रामाः' वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पाठ केलं, तेही मेसच्या रांगेत. पदार्थविज्ञान नावाचा विषय आहे हे ऐकून वडील खूश झाले होते, त्यांना वाटलं फिजिक्स आहे. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असं सांगितल्यावर ते म्हणाले, "असू दे, त्यातबी मार्क पडतेलच की." क्रिया शारीर, म्हणजे शरीर चालतं कसं ते, मला आवडतं. संहितेच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांच्या, तासाला झोप येते, पण श्लोक एकदा चालीत बसला की जात नाही. भांडी घासताना सुद्धा तोंडात येतो.

रचना शारीरचा पहिला गोंधळ हाडांच्या आकड्याचा. आजच्या ॲनाटॉमीत मोठ्या माणसाला 206. सुश्रुत 300 म्हणतो, चरक 360. चरकानं 32 दात धरले, दातांच्या 32 खोबणी वेगळ्या धरल्या आणि 20 नखंही धरली. सुश्रुत कूर्चेलाही हाडात मोजतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'हाडं किती' विचारलं तर आधी 'कोणाच्या मतानं, सर?' असं विचारायचं, ही सीनियरांची शिकवण. दोघंही बरोबर, फक्त मोजायची पद्धत वेगळी, असं वर्गात सांगतात. मला वाटतं काही ठिकाणी पद्धत वेगळी आहे आणि काही ठिकाणी सरळ चूक आहे. पेपरात असलं लिहायचं नसतं, म्हणून इथं लिहिलं.

पण त्याच सुश्रुतानं शव कसं तयार करायचं ते लिहून ठेवलंय आणि ते वाचताना माझी झोप उडाली होती. शव मुंज गवतात वगैरे गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं, सात रात्रींनी काढायचं आणि वाळा, केस, बांबू असल्यांच्या कुंच्यानं हळूहळू घासत कातडीपासून एकेक थर बघत जायचं. सुरीनं कापायचं नाही, घासायचं. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "गोदावरीत ठेवलं तर पहिल्या रात्रीच पोलीस येतील." आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये शव टिकवायला फॉर्मेलिन आहे. डोळ्यांना पाणी, नाकात झोंबतं, आणि पहिला आठवडा मेसच्या वरणालाही तोच वास. देहदान केलेल्या आजोबांसमोर आम्ही शपथ घेतली, हात जोडले, आणि मग अर्धा तास कोणीच पुढं होईना. मी हात लावला तो त्यांच्या मनगटाला. का, तर नाडी बघायची सवय. तिथं नाडी नाही हे बोटांना कळायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागला.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आम्ही चौघी-पाचजणी सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला जातो आणि परत आल्यावर साडेनऊला मला आतेभावाचा व्हिडिओ कॉल येतो. त्याच्याकडं तेव्हा सकाळचे दहा. दादाचा जन्म तिकडचा. अमेरिकेच्या मधल्या भागात, सगळीकडं मक्याची शेतं असलेल्या एका गावात तोही यंदा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. पण एमडी, म्हणजे तिकडची डॉक्टरकीची नेहमीची पदवी, नाही; डीओ. ऑस्टिओपॅथी. ऑस्टिओ म्हणजे हाड. आत्यानं फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या घरी क्षणभर सगळे गप्प झाले. मग काका म्हणाले, "म्हणजे तिकडचा हाडवैद्य का?"

काका चेष्टेत बोलले, पण ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल खरंच स्वतःची जाहिरात 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' अशी करायचा. तो आधी साधा डॉक्टरच होता. 1864 मध्ये मेंदूज्वरानं त्याची तीन लेकरं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यानं आपली नवी पद्धत मांडली आणि 1892 मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. पहिल्याच बॅचला बायकांना प्रवेश होता, हे दादानं मला मुद्दाम सांगितलं. हाडं आणि मणके जागेवर आणले की पुष्कळसे रोग जातात, हे स्टिलचं म्हणणं पुढं टिकलं नाही. कॉलेजं टिकली, कारण ती बाकीचं वैद्यकही सगळं शिकवायला लागली. आज डीओ तिथल्या पन्नासही राज्यांत औषध देतो, ऑपरेशन करतो, एमडीच्याच रुग्णालयात रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, करतो. तरी दादाला विमानात शेजारचा माणूस विचारतोच, "म्हणजे खरे डॉक्टर ना?" 1962 साली तर कॅलिफोर्नियात 65 डॉलर फी भरून दोन हजारांवर डीओ एमडी होऊन बसले. हे ऐकून मी म्हटलं, आमच्याकडं अशी स्कीम निघाली तर रांग अहमदपूरपर्यंत येईल.

आमचं दुखणं सारखं वाटतं, पण सारखं नाही, हेही लिहायला पाहिजे. तो चार वर्षांची पदवी घेऊन, त्यांची प्रवेश परीक्षा देऊन तिथं गेला आणि बाहेर पडेल तेव्हा एमडीच्या बरोबरीनं पडेल. माझं शास्त्र वेगळं आहे, त्याचा कायदा वेगळा आहे आणि 'सुई देता येती का' ह्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. मी कोणाला हे समजावत बसत नाही.

जमतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्यांना बाकीच्या अभ्यासाशिवाय चार वर्षांत दोनेकशे तास हातानं तपासायचं आणि उपचाराचं शिक्षण असतं. टेबलावर एकमेकांनाच झोपवायचं आणि मणके, बरगड्या, कमरेची हाडं बोटांनी शोधायची. पहिल्या आठवड्यात त्यांना एक खेळ दिला होता. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, वर कागद, आणि डोळे मिटून तो केस बोटाला लागतो का बघायचं. लागला की अजून एक कागद. मी कॉल संपल्यावर हॉस्टेलच्या खोलीत रजिस्टरची पानं घेऊन बसले. तिसऱ्या पानाला माझा केस हरवला. रूममेटला सहाव्या पानापर्यंत लागत होता. ती लहानपणापासून तांदूळ निवडते म्हणे. दादा स्वतः सगळंच मानतो असं नाही. कवटीची हाडं हलतात आणि ती हातांना कळतात, असं एक सर शिकवतात, त्यावर तो म्हणतो, "मला नाही लागत. केस लागतो, हे नाही लागत."

आमचे आबा हाडवैद्य होते. माझे वडिलांकडून, त्याचे आईकडून. मी तिसरीत असताना ते गेले. खांदा निखळलेला माणूस ओट्यावर आडवा, आबांची टाच त्याच्या बगलेत, हात दोन्ही हातांनी ओढलेला, आणि पलीकडून त्याला धरून बसलेली आजी, एवढं मला आठवतं. मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. एकदा एका लेकराचा हात त्यांनी घट्ट बांधला आणि रात्रीत बोटं काळीनिळी पडली. पहाटे बापानं लेकरू उचलून आणलं, आबांनी पट्ट्या सोडल्या आणि स्वतः जीप करून त्याला लातूरला दवाखान्यात नेलं. हात वाचला. हे आबांनीच सगळ्यांना सांगितलेलं, लपवलं नाही. त्यानंतर बांधून झालं की ते बोटाचं नख दाबायचे, सोडायचे आणि पांढऱ्याची लाली किती वेळात होते ते बघायचे. घरी सुद्धा गंमत म्हणून आमची नखं दाबायचे. मला तो खेळच वाटायचा. परवा क्रिया शारीरच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी हेच करायला लावलं, दोन सेकंदांच्या आत लाली आली पाहिजे म्हणाल्या, आणि मी दोनदा नख दाबलं. एकदा जर्नलसाठी.

आबांचं कौतुक म्हणून हे लिहीत नाही. मोडलेलं हाड आज कोणी आमच्या ओट्यावर आणलं तर मी आधी एक्स-रेला पाठवीन.

घरी पोचले तेव्हा आजी अंगणात दुसऱ्या दिवशीच्या भज्जीसाठी शेंगा सोलत होती. टॉवेल बघूनच तिला कळलं. "ते काय आणलीस?" मी सांगितलं. "येळवशीला? घरात न्हाय न्यायाचं ते." पिशवी गोठ्यात गेली, गव्हाणीच्या वरच्या फळीवर. आईनं मध्ये तोंड घातलं नाही, तिलाही तेच हवं होतं.

दुसरा दिवस रानात गेला. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. आंबील मी तीन गडवे प्याले आणि बाभळीखाली आडवी झाले. अभ्यास शून्य. म्हणून संध्याकाळी परत आल्याबरोबर गोठ्यात बल्ब लावला, पोतं अंथरलं आणि हाडं मांडून बसले.

आजी दाराशी येऊन उभी राहिली. आधी लांबूनच.

"बाईचं हाय का बाप्याचं?"

"एकाच माणसाचं नसतं आजी, मिसळलेलं असतं."

"आन नाव?"

"नाव माहीत नसतं."

ती आत आली, खाली बसली आणि मी मांडलेल्या ओळीकडं बघत राहिली. मग न विचारता एक हाड उचललं. अक्षक, क्लॅव्हिकल, गळ्यापासून खांद्यापर्यंतचं. "हासळी," ती म्हणाली. तिच्या पेटीत त्याच नावाचा चांदीचा दागिनाही आहे, गळ्यात घालायचा.

"उजवी हासळी," मी म्हटलं. माझा सेट उजव्या बाजूचा होता, आणि त्या हाडावर कोण्या जुन्या सीनियरनं पेन्सिलीनं इंग्रजी 'आर' काढलेला.

आजीनं जाड टोक गळ्याच्या खळग्याकडं केलं, चपटं टोक खांद्याकडं, फुगवटा पुढं, आणि हाड आपल्या उजव्या खांद्यावर लुगड्यावरून टेकवलं. दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यावरून फिरवलं. थांबली. मग तेच बोट स्वतःच्या हासळीवरून फिरवलं.

"न्हाय. हिची खरबरीत बाजू वर आलाली. आपली वरून गुळगुळीत ऱ्हाती."

तिनं हाड डाव्या खांद्यावर नेलं. जाड टोक गळ्याशी, फुगवटा पुढं, आणि वर गुळगुळीत. "ही डावी हाय."

मी हिसकावूनच घेतलं. पुस्तक उघडलं. खालच्या बाजूला मधोमध खाच, आतला दोन-तृतीयांश भाग पुढं बाहेर आलेला, शेवटचा चपटा. उलटून, पालटून, माझ्या खांद्याला लावून पाहिलं. डावीच होती. कुठल्यातरी बॅचला अदलाबदल झाली असणार आणि नंतर सगळ्यांनी तो 'आर' वाचूनच पाठ केलं. मीसुद्धा.

"तुला कोणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण. धरून बसायचे की मी." ती उठली, हात लांब धरून, पदराला लागू नयेत असे. "आता बंबात पाणी तापलंय, आधी मी जाती. तूबी डोक्यावरून घे. तवर चुलीपाशी येऊ नकोस."

मी खोडरबर शोधायला लागले.