४२ सेंटिमीटरचा आग्रह

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणाऱ्या आम्हा मंडळींना बास हा मासा विशेष प्रिय आहे. त्याची वाढ फार संथ असते. मादी साधारण ४२ सेंटिमीटर लांब झाल्यावरच अंडी घालू लागते, आणि तरीही कित्येक वर्षे ३६ सेंटिमीटरचा, म्हणजे बहुधा एकदाही न व्यालेला मासा पकडण्यास कायद्याची मुभा होती. हौशी गळवाल्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये युरोपीय संघाने किमान लांबी ४२ सेंटिमीटर केली. त्याच वर्षी आमच्यावरही दिवसाला ३ माशांची मर्यादा आली, आणि ती मला योग्यच वाटली. मात्र विणीसाठी जमलेल्या थव्यांवर जाळी ओढणाऱ्या बोटींना तितकाच कडक नियम हवा, असे मी आजही आग्रहाने म्हणतो. लहान बास गळाला लागला, तर हात ओले करून मी त्याला अलगद सोडवतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो.