मोठी नदी, तीन रात्री आणि एक तुटलेली लाइन

परवा रात्री नदीवरची कार्प माशांची मासेमारी आटपून परत आलो आणि आज सगळं सामान उन्हात पसरून बसलोय. जाळी, मासा ठेवायची मॅट, त्याचं वजन करायची झोळी, सगळं खडखडीत वाळल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या पाण्यावर न्यायचं नाही असा आमच्यात नियमच आहे, कारण ओल्या जाळीतून एका पाण्यातले शिंपले, वनस्पती आणि माशांचे रोग दुसऱ्या पाण्यात जातात. वाळेपर्यंत वेळ आहे तर लिहून काढतो. चौघं होतो, काका, त्यांचा भाचा, दादा आणि मी. तीन रात्री. मासे काठावर आले दोन, एक माझ्या हातून गेला, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी त्या गेलेल्या माशासाठीच लिहितोय.

मी आजपर्यंत कार्प धरले ते सगळे तळ्यावर. तिथे पाणी जागच्या जागी असतं, टाकलेलं आमिष टाकलं तिथेच राहतं, आमिष तळाला धरून ठेवायला 80-90 ग्रॅमचं शिसं भरपूर होतं. काका 30 वर्षांहून जास्त नदीच करतायत आणि त्यांचं एकच सांगणं असतं, आधी पाणी बघ मग रॉड काढ. मी काय केलं, पोचल्या पोचल्या मधल्या धारेत एक मोठा मासा उडालेला बघितला आणि दहा मिनिटांत दोन्ही रॉड 100 मीटरवर फेकून मोकळा झालो. मोठी नदी आहे म्हंजे मोठा मासा मध्येच असणार, असं डोक्यात पक्कं बसलेलं. शिसं होतं 110 ग्रॅमचं. धारेने लाइनला कमानीसारखं पोट काढलं, शिसं तळावरून घसरत घसरत खाली गेलं आणि थोड्या वेळाने दोन्ही रिग, म्हणजे गळ-आमिषाची जोडणी, खालच्या बाजूला काठाला येऊन पडलेले. मग 200 ग्रॅमचं चपटं, खालून गाठी असलेलं शिसं लावलं, ते टिकलं, पण रात्री पाण्याबरोबर पानं, काड्या, शेवाळाचे पुंजके वाहत यायला लागले आणि लाइनवर असे लटकायला लागले की दर पाऊण तासाला सगळं गुंडाळून साफ करायचं आणि परत फेकायचं. 100 मीटर लाइन पाण्यात म्हणजे 100 मीटर कचरा धरायची दोरीच ती.

काकांचे रॉड तेव्हा आकाशाकडे तोंड करून उभे होते. टोक जितकं वर तितकी लाइन पाण्याबाहेर, आणि पाण्याबाहेर असलेल्या लाइनला ना धार ओढत ना पान अडकत. फेकही त्यांनी सरळ समोर केला नव्हता, थोडा धारेच्या वरच्या अंगाला करून मुद्दाम थोडी लाइन सैल सोडली होती, म्हणजे धारेचा दाब लाइनच्या पोटावर येतो आणि शिसं उलट तळाला घट्ट बसतं. मला हे उलटं वाटायचं, मला वाटायचं लाइन तारेसारखी ताठ पाहिजे. नदीत ताठ लाइनच शिसं उचलते.

मधेच एक मालवाहू बार्ज गेलं आणि तो प्रकार मी पहिल्यांदा जवळून बघितला. बार्ज समोर यायच्या आधीच काठाचं पाणी मागे ओढलं जातं, हातभर काठ उघडा पडतो, आणि ते पुढे गेलं की सगळं पाणी लाटेने परत अंगावर येतं. काठाला ठेवलेली माझी बादली गेली. दादाने पळत जाऊन भाच्याला मागे खेचलं, तो वाकून पाण्यात हात घालत होता. त्यानंतर काकांनी सगळ्यांना सांगितलं की रात्री काठाच्या दोन मीटरच्या आत लाइफ जॅकेटशिवाय कोणी जायचं नाही, मासा लागला तरी नाही, आणि ते आम्ही तिन्ही रात्री पाळलं.

पहिली रात्र कोरी गेली. चौघांचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला बोलावलं आणि एका रॉडला नुसतं शिसं बांधून दिलं, गळ नाही, आमिष नाही, काही नाही. म्हणाले, "फेक, आणि हळूहळू ओढत आण, बोटावर लाइन ठेव आणि तळ काय सांगतो ते मला सांग." टक टक टक लागलं की खडी. लोण्यातून सुरी जावी तसं आलं की गाळ. मध्येच घट्ट धरून झटक्याने सुटलं की मोठे दगड नाहीतर शिंपल्यांचे गठ्ठे. दोन तास आम्ही एवढंच करत होतो आणि मला वेळ कसा गेला कळलं नाही. मधल्या धारेत, जिथे मी रात्रभर आमिष टाकत होतो, तिथे तळ गुळगुळीत आणि कडक, काही टिकेल असं तिथे काहीच नव्हतं. आणि काठापासून जेमतेम 12 मीटरवर एक पायरी सापडली. 2 मीटर खोल पाणी एकदम साडेचार मीटर व्हायचं, पायरीच्या तोंडाशी दगड, आणि खाली खडी संपून मऊ गाळ सुरू.

वरून बघितलं तर नेमकं त्याच ठिकाणी पाण्यावर एक रेघ दिसत होती, एका बाजूला वेगात जाणारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला संथ. काका त्याला शिवण म्हणतात. शिवणीत धार मंदावते, आणि मंदावली की तिने वाहून आणलेलं सगळं तिथे खाली बसतं, अळ्या, गोगलगायी, छोटे शिंपले, बिया. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात, त्यांनी तो कवच फोडतो. आणि त्याला पोटाची पिशवीच नसते, अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून एकदा भरपेट खाऊन दोन दिवस पडून राहणं त्याला जमत नाही, थोडं थोडं करत सारखं खावं लागतं. मग असा मासा सतत धारेशी झगडत मध्ये कशाला राहील? तो वाटेने मध्ये फिरेल, उडेल, पण जेवायला शिवणीतच येणार. शिवाय तळाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग वरच्यापेक्षा कमी असतोच, आणि पायरीच्या आडोशाला तर जवळजवळ नाहीच.

मला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं म्हणणार होतो, पण काका दोन वर्षं हेच सांगत होते.

चाऱ्याचं काम भाच्याने केलं आणि फार मनापासून केलं. मका एक दिवस भिजवून नीट उकळून आणला होता, कोरडे दाणे पाण्यात टाकायचे नाहीत, ते माशाच्या आतड्यात जाऊन फुगायला नकोत. त्यात चुरलेल्या बॉयली, म्हणजे आमिषाच्या उकडलेल्या गोळ्या, आणि काठाची चिकणमाती मळून संत्र्याएवढे गोळे केले, मातीमुळे ते फुटत नाहीत आणि सरळ तळाला जातात. तरी सरळ म्हणजे सरळ नाही. साडेचार मीटर खाली जाईपर्यंत धार त्याला पुढे नेतेच, तेव्हा गोळा पायरीपासून धारेच्या वरच्या अंगाला तीन-चार मीटरवर टाकायचा. आणि टाकायचा हळू, पाण्याला टेकवल्यासारखा. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते, पिशवीवर आलेला प्रत्येक आवाज तिच्यातून कानात जातो, त्यामुळे त्याचं ऐकणं बाकी बऱ्याच माशांपेक्षा तिखट असतं. 12 मीटरवर मासे जेवणार असतील तर काठावर हातोडीने खुंट्या ठोकून चालत नाही. सगळ्या खुंट्या दुपारीच ठोकल्या आणि संध्याकाळनंतर चौघंही मांजरासारखे चालत होतो, बोलणंसुद्धा कुजबुजत.

रिगबद्दल थोडं, कारण भाच्याने फार प्रश्न विचारले. हेअर रिगमध्ये आमिष गळात खुपसत नाहीत, गळाच्या मागे एका बारीक दोऱ्यावर लोंबतं ठेवतात. 1980 च्या आसपास इंग्लंडमध्ये केव्हिन मॅडॉक्स आणि लेनी मिडलटन यांनी ही पद्धत बसवली आणि कार्पची मासेमारी त्यानंतर बदलूनच गेली. कार्प खाताना ओढून घेतो आणि पटलं नाही तर फुंकून बाहेर टाकतो, आमिष मोकळं असलं की ते आधी बाहेर येतं आणि उघडा गळ खालच्या ओठात रुततो. काका गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायला लावतात, सगळ्यांना, दर वेळी. शिसंसुद्धा क्लिपवर, म्हणजे दगडात अडकलं तर रबर सरकून ते सुटून गेलं पाहिजे. भाच्याने विचारलं, "मामा, काटा दाबला तर मासा सुटणार नाही का?" काका म्हणाले, "सुटेल कधी कधी. आपली लाइन तुटली तर त्याला सुटता आलंच पाहिजे."

अंधार पडताना काकांनी अजून एक गोष्ट सांगितली, आता पायरीच्या दगडांवरून लाइन येणार आहे, प्रत्येक वेळी गुंडाळलं की शेवटची दहा मीटर बोटांतून फिरवा, खरबरीत लागली की कापा. मी हो म्हणालो.

रात्री अकराच्या सुमाराला दादाच्या रॉडचं वाकलेलं टोक एकदम सरळ झालं आणि लाइन ढिली पडली. अलार्मचा आवाज नाही, धावणं नाही. तळ्यावर मी याला काहीच समजलो नसतो, पण वरच्या अंगाला फेकलेली असताना मासा आमिष घेऊन शिसं उचलतो आणि धारेबरोबर खाली येतो, म्हणून लाइन सैल पडते. दादा गुंडाळत मागे पळाला आणि मासा लागला. 6 किलो 800 ग्रॅम. तळ्यातल्या गोल पोटाच्या कार्पसारखा नाहीच तो, लांब, सडपातळ, शेपूट वल्ह्याएवढं, सगळे खवले जागच्या जागी. एवढ्याशा माशाने 15 मिनिटं घेतली.

पहाटे 3 वाजून 20 मिनिटांनी माझा रॉड गेला, आणि तो ढिला पडला नाही, तो वाकला तो वाकलेलाच राहिला आणि ड्रॅगमधून, म्हणजे रिळाच्या ब्रेकमधून, लाइन सलग बाहेर जायला लागली. मासा धारेत शिरला होता. मी रॉड आडवा धरला, थोडा चाललो खाली, तो थांबला. मग वजन कळलं. वर-खाली झटके नाहीत, फक्त एक सावकाश, जड हलणं. असा मासा मला आयुष्यात लागला नव्हता हे मला तेव्हाच कळलं. दहा मिनिटांनी तो पायरीकडे यायला लागला, मला लाइनमधून दगडाची करकर हाताला जाणवली, काका बाजूला जाळी घेऊन उभे, "वर उचल रॉड, वर उचल" म्हणाले, मी उचलला, आणि सगळं हलकं झालं.

कोणी काही बोललं नाही. मी टोक टॉर्चखाली धरलं. 0.55 मिलिमीटरचा लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा, तुटला होता, आणि तुटलेल्या टोकाच्या वर दोन मीटर बोटाला कानशीसारखा लागत होता. ते दोन मीटर मासा लागायच्या आधीच असे झालेले होते. संध्याकाळपासून मी तीनदा गुंडाळून परत फेकलं होतं आणि एकदाही बोट फिरवलं नव्हतं. काकांनी विचारलं, "बघितलेलंस?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि बसले माझ्या बाजूला, उजाडेपर्यंत.

मोठा मासा गेला याचं वाईट वाटतंच, पण पोटात जे तुटत होतं ते दुसरंच. तो कुठेतरी खाली तोंडात गळ आणि मागे लाइन घेऊन फिरतोय, दगडात अडकला असेल, धारेत एका जागी खिळला असेल, आणि ते माझ्या आळसामुळे. कार्प 20 वर्षांहून जास्त जगू शकतो. एवढा मोठा झालेला मासा किती वर्षं त्या नदीत काढून आला असेल.

सकाळी सातला भाच्याचा रॉड ढिला पडला. त्याने सगळं बरोबर केलं, पळाला मागे, घाई केली नाही, आणि 20 मिनिटांनी काकांच्या जाळीत 11 किलो 400 ग्रॅमचा मिरर कार्प, पाठीवर मोजकेच मोठे खवले, प्रत्येक नाण्याएवढा. मॅट आधी ओली केली, हात ओले केले, कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला जंतूंपासून वाचवतो. गुडघ्यावर बसूनच फोटो, उभं राहून नाही. सोडताना भाच्याने त्याला धारेकडे तोंड करून धरलं, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर जातं. दोन-तीन मिनिटं तो नुसता श्वास घेत होता, मग शेपटाने एक फटका मारला, भाचा डोक्यापासून पायापर्यंत भिजला. तिसरी रात्र पाणी चढलं, कचरा वाढला, काहीच लागलं नाही.

सामान भरताना दादा शेवटचा रॉड गुंडाळत होता, त्याच्या शिशाला शेवाळाचा एक मोठा पुंजका लागून आला, आणि तो सोडवता सोडवता त्याने मला हाक मारली. शेवाळात हातभर लांबीचा जाड लीडर होता, एका टोकाला कानशीसारखा खरबरीत. क्लिपचं रबर मागे सरकलेलं, शिसं गायब. पुढे माझाच रिग, दोऱ्यावरची बॉयली गेलेली, आणि गळ रिकामा, शाबूत, टोक तसंच धारदार. मी तो भाच्याच्या हातात दिला. त्याने सपाट केलेल्या काट्यावरून बोट फिरवलं आणि काकांकडे बघितलं.